बडीशेप फुलावर येऊ नये म्हणून

यंदा दिवाळी उलटून गेली तरी खोलीतला पंखा बंद करावा लागलेला नाही. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत आम्ही तिघी मुली एका घराच्या माडीवर भाड्यानं राहतो. खालच्या बोळात संध्याकाळी पोरं कट्ट्यावर बसून परवाच्या फुटबॉल मॅचवरून भांडतात, आणि अजून एकाच्याही अंगावर स्वेटर दिसत नाही. माझ्या मैत्रिणींना त्याचं काही वाटत नाही. मी मात्र सकाळी उठले की आधी खिडकीच्या गजाला हात लावून बघते. गज गार लागला तर बरं वाटतं. नाही लागला तर आईला फोन लावते.

"थंडी पडली काय गं तिकडं?"

"तुला कशाला पायजे थंडी? नाक गळतंय तुझं थंडीत," आई म्हणते. पण मी का विचारते ते तिला ठाऊक असतं. जरा थांबून तीच सांगते, "पडंल. सकाळचं दव हाय गवतावर."

थंडीची अशी वाट बघायला मी एका हिवाळ्यात शिकले. तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि हातकणंगल्याजवळच्या आमच्या गावातून रोज एसटीनं कोल्हापूरला ये-जा करत होते. त्या हिवाळ्याविषयी लिहावं असं मनात बऱ्याचदा आलं, पण लिहिण्यासारखं त्यात आहे का, याचीच मला खात्री वाटत नव्हती. घरामागच्या परड्यात एक भाजी लावली. थोडी आली, थोडी गेली. कुणाला सांगायला गेलं तर एवढीच गोष्ट. तरी ऑक्टोबरचं ऊन कलायला लागलं की ते परडं जसंच्या तसं डोळ्यांपुढं येतं.

परडं काही मोठं नव्हतं. न्हाणीचं पाणी जिथं जायचं तिथं अळू माजलेलं. एका कोपऱ्यात शेवगा, दुसऱ्या बाजूला म्हशीचा गोठा. मधल्या जागेत आईचे वाफे, त्यात पोकळा, चाकवत, मिरच्या. धुण्याचा एक दगड होता. दुपारी सगळ्यांची जेवणं झाली की आई त्या दगडावर येऊन बसायची. काही करायची नाही, नुसती बसायची, कुणाची तरी हाक येईपर्यंत. घरात एवढी माणसं, पण आईला मी निवांत बसलेलं पाहिलं ते फक्त तिथंच.

त्या परड्यात आप्पांना पत्र्याची शेड टाकायची होती. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. शेत वाटण्या होत होत एवढंसं उरलेलं, त्यातला ऊस कारखान्याला जाई. त्यावर दोन संसार चालणं कठीण. म्हणून आप्पा वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या शेडमध्ये मागावर कापड विणत आले. मागाच्या खडखडाटात उमर गेल्यामुळं त्यांना कमी ऐकू येतं, आणि साधी भाकरी मागायची तरी ते ओरडूनच मागतात. आपले स्वतःचे दोन माग असावेत, ते घराला लागून असावेत, म्हातारपणी दुसऱ्याच्या दारात जावं लागू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. मला ते तेव्हाही चुकीचं वाटत नव्हतं, म्हणूनच जास्त अवघड जात होतं. दोन माग बसवायचे तर सगळं परडं लागणार होतं.

"परड्यात हाय काय?" आप्पा जेवताना म्हणाले. "चार पोकळ्याच्या काड्या नी दोन मिरच्या. त्याला परडं म्हणत्यात व्हय?"

"त्याच पोकळ्याची भाजी दोनदा मागून घेता की," काकी, म्हणजे आप्पांची बायको, चुलीपाशी बसून म्हणाली.

आई भाकरी थापत राहिली, पण भाकरीच्या कडा त्या दिवशी फाटत होत्या. ते बघून मला काय झालं कुणास ठाऊक, मी म्हणाले, "आप्पा, ह्या हिवाळ्यात मी लावते परड्यात. गावात कुणाकडं न्हाई असं."

"गावात न्हाई म्हंजे हितं येत नसणार, म्हणूनच न्हाई!" आप्पा मोठ्यानं हसले. बाबा हळूच म्हणाले, "दादा, संक्रांतीपतोर बघूया की. पोरीचा अभ्यास हाय त्यो." बाबांनी आप्पांपुढं एवढं बोलणंही नवलच. आप्पांनी ताटावरून हात उचलला. "बरं. संक्रांतीपतोर. काय दिसलं तर इचार करू. न्हाईतर दुसऱ्या दिवशी कर झाली की मी गवंडी आणणार."

म्हणजे परड्याचं भवितव्य मी स्वतःच्या डोक्यावर घेऊन बसले, आणि तेही एका कागदाच्या पुडीच्या भरवशावर.

ती पुडी मला कॉलेजच्या सहलीत मिळाली होती. गोव्याच्या हॉटेलांना भाजी पाठवणाऱ्या एका शेतकऱ्याच्या मळ्यावर आम्हाला नेलं होतं. तिथं शेपूसारखी पिसाऱ्याची पानं असलेली एक भाजी होती, आणि तिच्या बुडाशी पांढरा, फुगलेला, पाकळ्यांवर पाकळ्या बसवल्यासारखा गड्डा. शेतकऱ्यानं एक कापून आमच्या हातावर तुकडे ठेवले. चव बडीशेपेची, पण रसाळ आणि कुरकुरीत, कोबीच्या आतल्या दांड्यासारखी. "ही बडीशेपच, पण जेवणावर खातो ती न्हवं," ते म्हणाले. "हिचं बी खायचं नाही, बूड खायचं." मी पुन्हा पुन्हा विचारत राहिले तेव्हा त्यांनी मूठभर बी कागदात बांधून दिलं.

ते कसं लावायचं हे मी मोबाइलवर वाचलं. इंग्रजी वाचताना मी अजूनही एक एक ओळ दोनदा वाचते, तेव्हा तर तीनदा वाचत असेन. त्यात शेवटच्या हिमानंतर पेरा, उन्हाळा तापायच्या आत काढा, असं लिहिलेलं. आमच्याकडं हिम कुठलं? त्यांच्या कुठल्या ऋतूला आपला कुठला महिना लावायचा, हे सांगणारं कुणी नव्हतं. घरात पुस्तक उघडणारी मीच पहिली. पुस्तकात लिहिलेलं आणि परड्यातलं यांच्या मधलं अंतर किती, ते मला एकटीलाच चाचपडत मोजायचं होतं. एवढं मात्र कळलं की ह्या झाडाला तीन गोष्टी सोसत नाहीत. एक गरमी, दुसरी कोरडी पडलेली माती, आणि तिसरी, मुळाला लागलेला धक्का. यातलं काहीही झालं की ते घाबरतं. मग गड्डा भरायचं सोडून मधूनच दांडा काढतं, फुलतं, बी धरतं आणि संपतं.

नवरात्र सरता सरता पाऊस ओसरला आणि मी माती उकरली. आईनं उकिरड्याच्या तळाचं जुनं, काळं, मऊ झालेलं शेणखत आणून टाकलं. ढेकळं आम्ही दोघींनी हातानं फोडली. मी बोटानं रेघा ओढून नखभर खोल बी टाकायला लागले, तेव्हा आई म्हणाली, "असं थेट कशाला? वाफ्यात रोप कर की. मग लावूया वळीनं. मिरची म्हण, वांगं म्हण, कांदा म्हण, समदं तसंच करतोय आपण."

"हिला उचलून लावल्यालं चालत न्हाई. मूळ दुखावलं की घाबरतीया आणि फुलावर जातीया."

"झाड घाबरतंय व्हय?"

"तसं लिवलंय."

आई हसली. पण पुढं काही बोलली नाही. लिहिलेल्या गोष्टीपुढं आई नेहमीच अशी गप्प होते, आणि त्याचं मला बरंही वाटतं आणि वाईटही.

बी उगवलं ते दाट उगवलं. केसांसारखी बारीक, हिरवी रोपं एकमेकांना चिकटून उभी राहिली. विरळणी करणं भाग होतं, वीतभर अंतरावर एकच ठेवायचं आणि बाकीची काढून टाकायची. परीक्षा तोंडावर आलेली. सकाळी एसटीच्या आधी मी विरळणी उरकली, उपटलेल्या रोपांचा ढीग बांधावर ठेवला आणि धावत स्टँड गाठला.

संध्याकाळी परत आले तर ढीग नव्हता. परड्याच्या उरलेल्या अर्ध्या भागात, जिथं सकाळी नुसती माती होती, तिथं नव्या ओळी होत्या. सुतात मारल्यासारख्या सरळ. पाणी घातलेलं, आणि रोपांना ऊन लागू नये म्हणून एरंडाची पानं खोचलेली. आई आणि काकी दोघी कोपरापर्यंत चिखलानं माखलेल्या, न्हाणीपाशी हात धूत उभ्या होत्या.

"बघ," काकी म्हणाली, "दुपारभर कंबर मोडून लावल्यात दोघींनी. पास झालीस की आदी आमास्नी पेढं दे."

"जित्ती रोपं टाकून दिलतीस की गं," आई म्हणाली. "असं कोण टाकतंय व्हय? मी बघितली, जीव हुता त्यात."

मी दप्तर खांद्यावर तसंच घेऊन उभी राहिले. मी सांगितलं होतं की हिला हलवायचं नाही. पण मी असं कुठं सांगितलं होतं की काढलेली रोपं मरू द्यायची? आमच्याकडं रोप कुणी टाकत नाही. कांद्याचं रोप उरलं तर शेजाऱ्याला हाक मारून देतात, शेजाऱ्याकडं जागा नसली तर पाहुण्यांच्या गावाला ओल्या फडक्यात गुंडाळून पाठवतात. ज्या बायकांनी उभ्या आयुष्यात एक रोप फेकलं नाही, त्यांच्या परड्यात मी हिरवा ढीग टाकून गेले होते. मी म्हणाले, "लई झ्याक लावल्यात." ते खरंच होतं. ओळी फार सुंदर होत्या.

आता आई ती काढलेली रोपं टाकतही नाही आणि लावतही नाही. निवडून, बारीक चिरून आमटीत घालते. गेल्या आठवड्यात फोनवर म्हणाली, "विरळणी झाली. कालची आमटी तुझ्या आप्पानी वाटीनं पिली." इतकं सोपं होतं ते. पण त्या वर्षी आम्हा तिघींपैकी कुणालाच ते सुचलं नाही.

मग ते दिवस सुरू झाले ज्यांची आठवण मला अजून नीट शांतपणे काढता येत नाही. सकाळी उठले की आधी परड्यात. माती कोरडी झाली का? पाणी जास्त झालं का? नळाला पाणी एक दिवसाआड यायचं, म्हणून बादल्या भरून ठेवायच्या, आणि ओल मोडू द्यायची नाही. कोवळ्या शेंड्यांवर मावा पडला, तेव्हा आईनं चुलीतली राख चाळून पानांवर भुरभुरली. बूड लिंबाएवढं झालं की त्यावर माती चढवायची, म्हणजे गड्डा पांढरा आणि कोवळा राहतो. ती चढवली की गड्डा दिसेनासा होतो, आणि आत काय चाललंय याची शंका रात्रंदिवस छळते. मी बोटानं माती सारून बघायची आणि गुपचूप परत लोटायची. बसमध्ये बसल्यावर नखांतली माती दिसायची. परीक्षेच्या पेपरावर लिहितानाही दिसायची.

दिवाळीनंतर थंडी छान पडली होती. गोठ्यात म्हशीच्या नाकातून वाफ निघायची. आप्पा कानाला मफलर गुंडाळून मागावर जायचे. आणि मग डिसेंबरात आभाळ आलं. पाऊस नाही, वारा नाही, नुसतं करडं, दमट आभाळ. रात्रीही अंगाला घाम. गावात सगळे उसाच्या तोडीची काळजी करत होते. मी परड्यात उभी राहून आभाळाकडं बघायची, आणि मला लाज वाटायची, की लोकांचं एवढं मोठं पीक शेतात उभं असताना मी कशाच्या काळजीत आहे.

एके सकाळी त्या दुसऱ्या ओळींमध्ये, आईनं आणि काकीनं लावलेल्या ओळींमध्ये, एका झाडाच्या मधून बोटाएवढा दांडा वर आलेला दिसला. मी शेजारचं झाड बघितलं. त्यातही. मग पुढचं. मी बसले ती उठलेच नाही. काकीनं येऊन बघितलं आणि टाळी वाजवली. "आगं, फुलावर आली की! माज्या हाताची हाय, येणारच!"

आठवड्याभरात त्या ओळींवर पिवळी, छत्रीसारखी फुलं आली. मधमाश्या गुणगुणायला लागल्या. घरात सगळे खूश. आमच्या माणसांना फूल म्हणजे पीक आलं, एवढं पक्कं ठाऊक. मिरची फुलली की मिरची येते, तूर फुलली की तूर येते. पहिल्या ओळींमध्ये मात्र दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. मातीचे उंचवटे आणि वर पिसारा.

एका रविवारी आप्पा एका पाहुण्याला घेऊन परड्यात आले. सोयरिकीतले कुणी होते. "बघा पावणं," आप्पा ओरडून सांगत होते, "आमच्या पोरीनं बडीशेप आणलीया फुलावर! सबंद पट्टीत कुणाकडं न्हाई. कालेजात शिकतीया." त्यांच्या आवाजात माझा अभिमान होता. आयुष्यात पहिल्यांदा. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बी कवा धरंल गं? असलं काय येत असंल तर परड्याचा इचार करायला पायजे आमाला."

आई धुण्याच्या दगडापाशी होती. तिचे हात थांबले.

गप्प राहिले असते तर काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही करते. एवढंच म्हणायचं होतं की फेब्रुवारीत धरेल. पण बी धरलं असतं तरी ते हलकं निघालं असतं, आप्पांनी हातावर घेऊन फुंकलं असतं, आणि मग शिकलेल्या पोरीच्या शब्दाला त्या घरात काय किंमत राहिली असती? असा सगळा हिशेब मी तेव्हा केला असं म्हणायला मी धजत नाही. तोंडातून निघून गेलं, एवढंच.

"आप्पा, ही फुलल्याली बिघडलीत."

"आं?"

मला पुन्हा मोठ्यानं म्हणावं लागलं. पाहुण्यांसमोर, ओरडून. "बिघडलीत! हिला फूल यायला नको असतंय! गड्डा खायचा असतोय, त्यो त्या वळीत हाय, मातीत!"

आप्पा माझ्याकडं बघत राहिले. "फूल आलं म्हंजे बिघडलं? कुठल्या शाळंत शिकालीस गं?" पाहुणे हसले. आप्पाही हसले, पण त्यांचा चेहरा उतरला होता. "मातीत हाय म्हणं. दिसंना झालंय ते हाय, आणि दिसतंय ते न्हाई." आणि जाता जाता म्हणाले, "गवंड्याला सांगून ठेवतो."

आईनं त्या संध्याकाळी धार काढताना विचारलं. माझ्याकडं न बघता.

"आमी लावल्याली तेवढीच फुलली का गं?"

"हवा बी गरम हुती," मी म्हणाले.

"हवा समद्यांवरच हुती. सरळ सांग."

"व्हय. लावल्याली तेवढीच."

मला वाटलं, आई रडत असेल. पण ती म्हणाली, "मग उगंच कशाला ठेवलीया? पाणी खातीया." दुसऱ्या दिवशी तिनं त्या सगळ्या ओळी, फुलांसकट, विळ्यानं कापून म्हशीपुढं टाकल्या. त्याच्या पुढच्या सकाळी आप्पांनी चहाचा घोट घेतला आणि ओरडले, "च्यात बडीशेप कुणी टाकलीया?" काकी म्हणाली, "म्हशीनं." आई पदर तोंडाला लावून हसली. इतक्या दिवसांत मी तिला हसताना पाहिलं ते तेव्हा. पण रिकाम्या झालेल्या त्या अर्ध्या परड्याकडं बघायची हिंमत मला होत नव्हती.

नवऱ्याच्या घरी आलेल्या बाईची आणि उचलून लावलेल्या रोपाची उपमा मला लिहिता लिहिता सुचली होती. मी ती खोडली. आईनं आयुष्यभर हजारो रोपं उचलून लावली आणि ती जगली, फळली. ही एक जात तेवढी वेगळी निघाली. यापेक्षा मोठा अर्थ मी त्यात कोंबला तर आई म्हणेल, "लई शिकलीस."

डिसेंबर संपता संपता आभाळ निवळलं आणि थंडी परत आली. कडाक्याची. पहिल्या ओळींमधला एकही दांडा वर आला नव्हता. उंचवट्यांची माती मधोमध तडकायला लागली, आतून काहीतरी ढकलत असल्यासारखी. मी रोज त्या भेगा बघायची. मुठीएवढा झाला की काढायचा, असं वाचलं होतं, पण कुणाची मूठ?

भोगीच्या सकाळी आईनं विळा हातात घेतला. मी हातानं माती बाजूला केली. पांढराशुभ्र गड्डा, वरती फिकट हिरवी झाक, हाताला गार. मी तो धरून हलवायला लागले तर आई म्हणाली, "उपटतीस कशाला?" आणि तिनं विळा मातीला टेकवून बूड सपकन कापलं. वासानं परडं भरलं. काकी धावत आली. "आगं बया, ही काय कोबीची भैण का काय?" भोगीच्या भाजीत त्या दिवशी पावटा, गाजर, वांगं, हरभरा आणि तो गड्डा गेला. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर आप्पांनी ती खाल्ली. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. त्यांनी परत मागितली.

"गोड लागतंय काय तर," ते म्हणाले. "चव हाय." आणि हात धुताना, त्यांच्या नेहमीच्या आवाजात, "पर चवीनं पोट भरत न्हाई म्हातारपणी."

मला त्यांचा राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं.

कर झाली. गवंडी आला नाही. त्याचं दुसरीकडं काम अडकलं होतं. आज येईल, उद्या येईल, असं करत दिवस जात राहिले. आई रोज एक-दोन गड्डे कापायची. कधी पीठ पेरून, कधी दह्यात कोशिंबीर. शेजारच्या बायका मागून नेऊ लागल्या. वाफा हळूहळू रिकामा होत गेला, आणि तो जितका रिकामा होत होता तितकं मला वाटत होतं की आपण आपल्याच हातानं आप्पांसाठी जागा करून देतोय. कापलं नाही तर गड्डा जून होणार. कापलं तर परडं मोकळं होणार.

महिना सरताना गवंडी आला. दोरी, खुंट्या आणि रेघा आखायच्या पांढऱ्या फक्कीचं पोतं घेऊन. आप्पांनी कामावर सुट्टी टाकली होती, नवा सदरा घातला होता. बाबा दारात उभे. मी कॉलेजला गेले नव्हते. गवंड्यानं भिंतीपासून दोरी ताणली ती सरळ वाफ्याच्या मधून गेली. "रिकामंच हाय की," तो म्हणाला, आणि खुंटी ठोकायला दगड उचलला.

"भावजी, खोडवा हाय त्यो."

आवाज आईचा होता. माझी आई आप्पांशी थेट बोलत नसे. थोरल्या दिरापुढं तिचा पदर डोक्यावर आणि नजर खाली. चहा झाला हे सांगायचं असलं तरी ती मला सांगायची आणि मी आप्पांना. आता ती गोठ्याच्या दारात उभी होती, हाताला शेण, आणि आप्पांकडं बघत होती.

आप्पांना ऐकू आलं नसेल असं मला वाटलं. पण आलं होतं.

"भाजीचा कुठं खोडवा असतूय वैनी," गवंडी हसला. "खोडवा उसाचा."

आई वाफ्यापाशी येऊन खाली बसली. कापलेल्या एका बुडाभोवतीची माती तिनं बोटांनी सारली. जुन्या बुडाच्या कडेनं पिसाऱ्याचे नाजूक, हिरवेगार फुटवे आले होते. शेजारच्या बुडालाही. त्याच्या शेजारच्याही. उसासारखं जमिनीलगत कापायची तिला सवय, आणि मुळं खाली तशीच राहिली होती. तोडलेल्या उसाचं दुसरं पीक, खोडवा, असाच जुन्या बुडातून फुटून येतो. मी रोज तिथं जात होते, पण रिकाम्या जागेकडं बघायचं मी सोडून दिलं होतं, म्हणून मला ते दिसलं नव्हतं.

आप्पा गुडघे टेकून खाली वाकले. नवा सदरा मातीला लागला. एका फुटव्याला त्यांनी बोट लावलं, जसं ते उसाच्या फुटव्याला लावतात, जोर आहे का बघायला. त्यांच्या जन्मात त्यांनी खोडवा उभा असताना शेतात नांगर घातला नव्हता. घातलेल्याला ते गावात नावं ठेवायचे.

गवंडी हातातला दगड तोलत उभा होता.

मग आप्पा उठले. त्यांनी वाफ्यातली दोरी पायानं बाजूला केली, म्हशीनं खाल्लेल्या ओळी जिथं होत्या त्या अर्ध्या भागाकडं हात केला, आणि एरवी कधी ऐकला नव्हता अशा हलक्या आवाजात गवंड्याला म्हणाले, "एकच माग बसंल एवढं आख."

फक्कीची पांढरी रेघ भिंतीपासून गोठ्यापर्यंत पूर्ण होईपर्यंत आई त्या फुटव्यांवर दोन्ही हात धरून बसून राहिली होती.